साउथ अमेरिकन सिक्लिडची टाकी: कोण कोणासोबत नांदेल?

नाशिकचा_निनाद (२६ ऑक्टोबर, रात्री १०:१२)

मंडळी, मदत हवी आहे.

मित्राची पुण्याला बदली झाली आणि त्याची चार फुटी टाकी माझ्या हॉलमध्ये आली. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. हिशेबाने ३४० लिटरच्या आसपास. सोबत कॅनिस्टर फिल्टर आणि लाकडाचं एक मोठं खोड. याआधी तीन वर्षं दोन फुटी टाकीत गप्पी आणि मॉली सांभाळलेत, त्यामुळे पाणी बदलणं, स्पंज धुणं याची सवय आहे. सिक्लिड (एंजल, ऑस्कर वगैरे माशांचं कुटुंब) मात्र पहिल्यांदाच.

लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय बघायला गेलो होतो. एंजलच्या काचेसमोर इतका वेळ उभा राहिलो की बाबांना हाताला धरून न्यावं लागलं. तेव्हापासूनची इच्छा आहे, म्हणून घाई करून बिघडवायचं नाही.

मनातली यादी: एंजल ६, ऑस्कर २, सेव्हरमची जोडी, ब्लू रॅम ४, जिओफेगस ४, निऑन टेट्रा २० आणि काच साफ ठेवायला एक सकर.

दुकानदार म्हणाला, "सगळे साउथ अमेरिकन आहेत, बिनधास्त टाका." पण वाचायला लागल्यावर शंका वाढत चालल्या आहेत. पाणी महापालिकेचं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, १३० (आरओ दुरुस्त करायला आलेल्या मुलाच्या मीटरवर), पीएच ७.४. उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअरचं पाणी मिसळते.

यातले कोण एकत्र राहतील?

----

मत्स्यवेडी (२६ ऑक्टोबर, रात्री १०:४०)

आधी टाकी घेतली, मग विचारलं आणि मासे अजून दुकानातच आहेत. अर्धी लढाई तिथेच जिंकलीस.

ऑस्कर यादीतून काढ. आज दुकानात दोन इंचाचा दिसतोय तो वर्षभरात दहा-बारा इंचांचा होतो. तोंडात मावेल ते अन्न, एवढाच त्याचा नियम.

----

गरम_भजी (२६ ऑक्टोबर, रात्री १०:५५)

ऑस्करसमोर निऑन म्हणजे पावसाळ्यात आपल्यासमोर भजी. ताटात एकही उरणार नाही.

----

देवळालीकर_काका (२७ ऑक्टोबर, सकाळी ७:०५)

निनाद, तुझी यादी वाचून मला माझी १९९४ सालची टाकी आठवली. देवळाली कॅम्पला बंगल्याच्या व्हरांड्यात तीन फुटी होती. तेव्हा मासे आणायला मुंबईला क्रॉफर्ड मार्केटला जायचो. येताना पंचवटी एक्सप्रेसमध्ये पिशव्या मांडीवर धरून बसायचो. एकदा चार छोटे एंजल आणि पंचवीस निऑन एकत्र सोडले. दोघंही अमेझॉनचे, दोघंही शांत म्हणून नावाजलेले. सहा महिने घर भरल्यासारखं वाटायचं. पुढे निऑन कमी व्हायला लागले. पंचवीसचे एकोणीस, एकोणीसचे बारा. मेलेला एकही सापडेना. मी फिल्टर उघडून पाहिला, टाकीमागे टॉर्च मारून पाहिलं. शेवटी एका पहाटे दिवा लावला तर मोठ्या एंजलच्या तोंडातून निळी-लाल शेपटी बाहेर.

राग एंजलचा आला नाही, स्वतःचा आला. त्या निऑनना मी पैसे देऊन घरी आणलं होतं, त्यांच्या जिवाची जबाबदारी माझी होती. निऑनसारखा सडपातळ मासा हे निसर्गात एंजलचं खाणंच आहे. रात्री, पहाटे, टेट्रा सुस्त असताना तो शिकार करतो.

म्हणून कोण कोणासोबत राहील हे ठरवताना मी तीन गोष्टी याच क्रमाने बघतो. पूर्ण वाढ झाल्यावर कोणाचं तोंड किती मोठं आणि कोणाचं अंग किती लहान. दोघांना एकच पाणी आणि एकच उष्णता मानवते का. आणि टाकीचा कोणता मजला कोणाचा. स्वभाव त्यानंतर. कोणत्या खंडातला हे सगळ्यात शेवटी.

----

पाथर्डी_फाटा (२७ ऑक्टोबर, सकाळी ९:३०)

ऑस्करबद्दल थोडं बोलू द्या, त्याची बाजू कोणी घेत नाही.

माझ्याकडे सहा फुटी टाकीत एक ऑस्कर, दोन सेव्हरम आणि सात सिल्व्हर डॉलर चार वर्षांपासून एकत्र आहेत. एकदाही कोणाचा जीव गेला नाही. सिल्व्हर डॉलर ताटलीसारखा गोल आणि हातभर लांबून पळणारा, ऑस्करच्या तोंडात मावत नाही. सेव्हरम आठ इंचांचा, अंगाने भरलेला, स्वतःची जागा राखून असतो. ऑफिसमधून आलो की ऑस्कर काचेला नाक लावून उभा असतो, आणि घरातली बाकी माणसं आली की तसा येत नाही. इतका जीव लावणारा दुसरा मासा मी पाहिलेला नाही.

म्हणून "ऑस्कर वाईट" असं म्हणू नका. ऑस्कर ठेवायचा तर टाकी त्याच्याभोवती रचावी लागते. चार फुटीत एकटा ऑस्कर कसाबसा बसेल, दोन नाहीत, आणि मग एंजल, रॅम, निऑन सगळं विसरायचं. निनाद, तुला आधी हेच ठरवायचं आहे: तुझी टाकी एंजलची की ऑस्करची?

----

मत्स्यवेडी (२७ ऑक्टोबर, सकाळी ९:४२)

@पाथर्डी_फाटा, पूर्ण सहमत. मी "काढ" म्हटलं ते या टाकीपुरतं. घाणीचंही बघावं लागतं. ऑस्कर जितकं खातो तितकं टाकतो, आणि नायट्रेट साचलं की त्याच्याच डोक्यावर खड्डे पडायला लागतात.

----

सातपूर_समीर (२७ ऑक्टोबर, दुपारी १:१५)

बेसिक प्रश्न. सिक्लिड म्हणायचं की चिचलिड? दुकानात सगळे चिचलिड म्हणतात, मी सिक्लिड म्हटलं तर मालकाला कळलंच नाही.

----

गरम_भजी (२७ ऑक्टोबर, दुपारी १:२०)

सिक्लिड. पण दुकानात चिचलिडच म्हणा, मासा लवकर हातात पडतो.

----

जीवशास्त्र_मॅडम (२७ ऑक्टोबर, सायं. ६:५०)

उच्चार सिक्लिड. आणि हे कुटुंब आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. बाजारात मिळणारा चिलापी, म्हणजे तिलापिया, हाही सिक्लिडच, मूळ आफ्रिकेचा. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीन, त्यातला केरळचा करीमीन सगळ्यांना माहीत असतो. दक्षिण आणि मध्य अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, श्रीलंका असं हे कुटुंब पसरलेलं आहे.

आता "सगळे साउथ अमेरिकन" या वाक्याबद्दल. अमेझॉनचं खोरं सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या दुपटीहून मोठं. त्यातही नद्यांचं पाणी तीन तऱ्हेचं. अँडीजमधून गाळ घेऊन येणारं गढूळ पाणी, तापाजोस किंवा शिंगूसारख्या नद्यांचं नितळ पाणी आणि रिओ नेग्रोचं काळं पाणी. काळं म्हणजे घाण नव्हे, कोऱ्या चहासारखं. जंगलातला पाला कुजून त्याचा अर्क उतरतो, क्षार जवळपास नसतातच, पीएच ५ च्याही खाली जातो. मानाउस शहराजवळ हे काळं पाणी आणि सोलिमोइंसचं पिवळट पाणी काही किलोमीटर शेजारी शेजारी वाहतं, पटकन मिसळत नाही. रामकुंडावर पहिल्या पावसात जो लाल लोंढा येतो तो पाहिलेल्या माणसाला हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

निनादच्या यादीत ब्लू रॅम आहे. तो अमेझॉनचा नाहीच. तो व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातल्या गवताळ मैदानांचा, उथळ आणि तापलेल्या पाण्याचा. त्याला २८ ते ३० अंश लागतात. निऑन २२ ते २६ मध्ये खूश असतो. दोघांना एका टाकीत ठेवलं तर एकाला सतत थंडी किंवा दुसऱ्याला सतत ताप. कोणीच भांडत नाही, पण कोणीच सुखी नाही, आणि तो त्रास आपल्याला दिसत नाही. मला हे सर्वांत जास्त लागतं. भांडण झालं तर निदान आपण मासा वेगळा करतो.

रॅम हवाच असेल तर बोलिव्हियन रॅम बघ. रंग साधा, पण २४ ते २७ मध्ये आनंदात राहतो, अंगाने थोडा मोठा आणि पुष्कळ काटक. निऑनऐवजी रमीनोज घे. ते लांबट असतात, पाच सेंटिमीटरपर्यंत जातात आणि थवा असा बांधून पोहतात की नजर हटत नाही.

----

अंबड_एमआयडीसी (२७ ऑक्टोबर, रात्री ९:१०)

रमीनोजला माझं +१. पाणी बिघडलं की त्यांच्या नाकाचा लाल रंग फिका पडतो. टेस्ट किटच्या आधी तेच सांगतात.

नाशिकच्या पाण्याबद्दल. गंगापूर धरणाचं पाणी या माशांना मानवतं, मुळात सौम्य आहे. निनादचं १३० टीडीएस चांगलंच म्हणायचं. धोका बोअरचा. आपल्या खाली सगळा बेसाल्ट, पाणी त्यातून झिरपून क्षार घेऊन येतं. आमच्या कंपनीच्या बोअरला मी ७८० टीडीएस मोजलंय. एप्रिलमध्ये एकदा घाईत टँकरचं पाणी भरलं, ३० टक्के बदललं, दुसऱ्या दिवशी चार कोरी (तळाशी फिरणारे छोटे मासे) आडव्या. टीडीएस आकड्यापेक्षा त्यातला अचानक फरक मारतो. तेव्हापासून मी दोन ड्रम गच्चीवर भरून ठेवतो आणि प्रत्येक बदलाआधी मीटर बुडवतो.

पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास जास्त येतो, तेव्हा क्लोरिन मारणारं हायपो घातल्याशिवाय एक बादलीही टाकीत ओतू नका.

आणि थंडी! सगळे विसरतात. निफाडचा पारा ५-६ अंशांवर उतरतो तेव्हा शहरातही दहाच्या खाली जातो. ३४० लिटरला एक ३०० वॉटचा हीटर न लावता १५० वॉटचे दोन लाव. एक बंद पडला तर दुसरा धरून ठेवतो, एक अडकून चालूच राहिला तर एकट्याने मासे उकडत नाहीत.

----

देवळालीकर_काका (२८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०)

अंबडवाल्यांनी लाख मोलाचं सांगितलं. आणखी एक. देशी बदामाची वाळलेली, झाडावरून आपोआप गळलेली लाल पानं गोळा कर. रस्त्यालगतची धुरातली नकोत, औषध फवारलेल्या बागेतली नकोत. धुऊन दोन-तीन पानं टाकीत सोड. पाणी हलक्या चहासारखं होतं, मासे मोकळे होतात. मॅडम म्हणाल्या त्या काळ्या पाण्याची थोडीशी आठवण त्यांना होत असेल, असं मला उगाच वाटतं.

----

नाशिकचा_निनाद (२८ ऑक्टोबर, रात्री ११:००)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर ऑफिसात डोक्यात हेच होतं.

ठरलं: टाकी एंजलची. ऑस्कर गेला, ब्लू रॅम गेला, निऑन गेला. सेव्हरम आणि जिओफेगसवर मन अडलंय. शिवाय आणखी एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले एंजलसोबत कॉन्व्हिक्ट आणि फायरमाउथ ठेवा, तेही अमेरिकनच. आणि सकरबद्दल कोणी काहीच बोललं नाही, म्हणजे तो चालेल ना?

----

मत्स्यवेडी (२८ ऑक्टोबर, रात्री ११:२५)

नाही!! सकर चालणार नाही.

दुकानात तीन इंचांचा काचेला चिकटलेला गोड दिसतो. तो फुटभराच्या पुढे वाढतो. मोठा झाला की शेवाळ खाणं कमी आणि घाण करणं जास्त. शिवाय रात्री एंजल किंवा डिस्कससारख्या चपट्या माशाच्या अंगाला चिकटून त्याच्या अंगावरचा चिकट थर चाटायची सवय काहींना लागते. माझ्या एका एंजलच्या कुशीवर रुपयाएवढी जखम झाली होती.

त्याऐवजी ब्रिस्टलनोज घे, अँसिस्ट्रस. चार-पाच इंचांवर थांबतो, तुझ्या त्या खोडावर दिवसभर घासत बसेल. नराच्या नाकावर झुडुपासारख्या मिशा येतात. एकच घे.

कॉन्व्हिक्ट आणि फायरमाउथ मध्य अमेरिकेचे. त्यांना थोडं क्षारयुक्त पाणी आवडतं. कॉन्व्हिक्टची जोडी पिल्लांवर आली की अख्खी टाकी एका कोपऱ्यात दाबून ठेवते. एंजलचे लांब फिन त्यांच्यासमोर टिकणार नाहीत.

----

गोदाकाठ (२९ ऑक्टोबर, सकाळी ८:१५)

सकरचा विषय निघाला म्हणून पोटतिडकीने लिहितोय. हा मासा मोठा झाला की लोक "मारण्यापेक्षा सोडून देऊ" म्हणून नदीत, विहिरीत, तलावात सोडतात. दया म्हणून करतात हे कळतं. पण हा आपल्या पाण्यातला नाही. अंगावर चिलखत, काटे कडक, त्यामुळे खाणारं कोणी नाही. काठात बिळं करतो, स्थानिक माशांची अंडी आणि खाणं दोन्ही पळवतो. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो आणि जाळी फाडतो, विकला जात नाही. गोदावरीत आधीच काय कमी त्रास आहेत?

कोणाकडे मोठा सकर असेल तर दुकानात परत द्या, मोठी टाकी असलेल्याला द्या, इथे लिहा. नदीत नको.

----

सातपूर_समीर (२९ ऑक्टोबर, सकाळी ८:४०)

माझ्याकडे एक आहे, दहा इंची. कोणाला हवा असेल तर सांगा. खरंच मागच्याच महिन्यात घरात बोलणं झालं होतं की गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेऊन सोडू. बरं झालं वाचलं.

----

पाथर्डी_फाटा (२९ ऑक्टोबर, सकाळी ९:०५)

समीर, माझ्या सहा फुटीत जागा आहे. रविवारी बादली आणि झाकण घेऊन ये. पिशवीत आणू नकोस, काटे पिशवी फाडतात.

निनाद, सेव्हरमबद्दल माझा अनुभव: एंजलसोबत राहतो, पण चार फुटीत दाटी होईल. झाडं लावणार असशील तर सेव्हरम ती भाजी समजून खातो. माझ्याकडे मटाराचे दाणे सोलून दिले तरी आधी झाडांकडे जातो.

----

जीवशास्त्र_मॅडम (२९ ऑक्टोबर, रात्री ८:००)

जिओफेगस हा अप्रतिम मासा आहे. नावाचा अर्थच माती खाणारा. तोंडभर वाळू उचलतो, चावतो, अन्न ठेवून वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. दिवसभर हेच. म्हणून त्याला मऊ बारीक वाळू लागते आणि पाच-सहांचा घोळका लागतो. दुकानातले बरेच जिओफेगस आठ इंचांपर्यंत जातात. असे पाच आणि वर सहा एंजल, ही ३४० लिटरची टाकी नाही. पुढे कधी मोठी टाकी केलीस तर फक्त जिओफेगसची कर.

तळासाठी तुला शांत सिक्लिडच हवा असेल तर कीहोलकडे बघ. गयाना आणि सुरिनामच्या नद्यांमधला, चार इंचांचा, अंगावर कुलपाच्या भोकासारखा काळा डाग. लाजाळू, घाबरला की रंग गडद करून कोपऱ्यात उभा राहतो. दुकानात फिका दिसतो म्हणून कोणी घेत नाही. आडोसा मिळाला की पाहत राहावा असा होतो. मात्र बोलिव्हियन रॅम किंवा कीहोल, दोन्हींपैकी एकच. तळाची मालकी एकाच कुटुंबाकडे राहू दे.

----

अंबड_एमआयडीसी (२९ ऑक्टोबर, रात्री ९:३०)

मॅडम, इथे थोडा मतभेद. माझ्याकडे चार फुटीत बोलिव्हियन रॅमची जोडी आणि दोन कीहोल दीड वर्ष एकत्र आहेत. मधे दगडांचा ढीग रचून नजर तोडली आहे. समोरचा दिसला नाही तर भांडणही होत नाही.

दगडांवरून आठवलं. दुकानातले पांढरे, चमकदार दगड घेण्यापेक्षा आपला काळा दगड घ्या, बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही. शंका आली तर दगडावर व्हिनेगर टाका, फेस आला तर चुना आहे, तो दगड नको. रंगीत खडी तर अजिबात नको, कोरीच्या मिशा झिजतात.

----

जीवशास्त्र_मॅडम (२९ ऑक्टोबर, रात्री १०:०५)

@अंबड_एमआयडीसी, जमलंय ते तुमच्या रचनेमुळे, आणि ते मान्यच. पहिल्यांदा करणाऱ्याला मी तरीही एकच सांगेन. सहा महिन्यांनी हात बसला की दुसरा.

----

देवळालीकर_काका (३० ऑक्टोबर, सकाळी ७:००)

एंजल किती घ्यावेत, हे अजून कोणी सांगितलं नाही.

लहान असतानाच पाच-सहा घे, रुपयाच्या नाण्याएवढ्या अंगाचे. दोन घेऊ नकोस. दोघांची जोडी लागेलच असं नाही, आणि नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. सहा एकत्र वाढले की आपसांत कोण मोठं ते ठरवतात आणि आठ-दहा महिन्यांत एखादी जोडी आपोआप जुळते. कळेल तुला: दोघं एक कोपरा धरतील, पान किंवा पाइप चोचून साफ करतील आणि बाकीच्यांना तिकडे फिरकू देणार नाहीत.

त्या दिवशी टाकीतली समीकरणं बदलतात. अर्धी टाकी त्या दोघांची. उरलेले चार दुसऱ्या अर्ध्यात दबून राहतात, फिन फाटतात, खायला पुढे येत नाहीत. म्हणून आत्ताच ठरवून ठेव की उरलेले कुठे जाणार. मी हे ठरवलं नव्हतं. माझा एक एंजल आठवडाभर हीटरमागे उभा होता, मला वाटलं आजारी आहे, औषध घालत राहिलो. तो आजारी नव्हता, त्याला जागा नव्हती.

----

मत्स्यवेडी (३० ऑक्टोबर, सकाळी ८:३०)

काका, हे वाचून गलबलून आलं.

निनाद, मासे सोडायचा क्रमही महत्त्वाचा. आधी टाकी चार ते सहा आठवडे माशांशिवाय चालव, म्हणजे घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतील. तुझ्या जुन्या दोन फुटीतला मळका स्पंज नव्या कॅनिस्टरमध्ये टाकलास तर लवकर होईल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावर आधी रमीनोज, मग कोरी, मग तळाचा सिक्लिड, सगळ्यात शेवटी एंजल. उलटं केलंस तर एंजल घरमालक होतात आणि नंतर येणारे पाहुणे.

रमीनोजचा थवा उघड्यावर पोहत असला की सिक्लिडना खात्री पटते की वरून बगळा वगैरे येत नाहीये, मग तेही बाहेर येतात. याला डिदर फिश म्हणतात. ब्लॅक स्कर्ट आणि सर्पे टेट्रा मात्र नको, एंजलचे फिन कुरतडतात.

----

गरम_भजी (३० ऑक्टोबर, सकाळी ८:३८)

आमच्या वाड्यात असंच होतं. गल्लीत पोरं खेळत असली की आजी खुर्ची घेऊन बाहेर बसायची.

----

मत्स्यवेडी (३० ऑक्टोबर, सकाळी ८:४१)

भजी, डिदर फिश मी आता सगळ्यांना असाच समजावणार!

----

नाशिकचा_निनाद (२२ डिसेंबर, रात्री १०:३०)

अपडेट. टाकी पाच आठवडे रिकामी चालवली. आई रोज विचारायची, "अरे, पाण्यालाच खायला घालणार आहेस का?" तिलाही आता सगळं पाठ झालंय, पाहुण्यांना अमोनिया समजावते.

आज टाकीत: रमीनोज १६, स्टर्बाय कोरी ८ (उष्णता सहन करतात म्हणून तेच), बोलिव्हियन रॅम ३, ब्रिस्टलनोज १. काल एंजल ६ आले. तापमान २६.५. सिडकोत पहाटे बाहेर ९ अंश होतं, दोन्ही हीटर व्यवस्थित चालले.

काळे दगड गंगापूर रोडवरच्या एका बांधकामावरून विचारून आणले, व्हिनेगर टाकून पाहिलं. बदामाची पानं आमच्या शाळेच्या मैदानातली.

काका, उरलेले एंजल कुठे जाणार तेही ठरवलंय. समीर नवी तीन फुटी घेतोय, दोन फूट उंचीची.

----

सातपूर_समीर (२२ डिसेंबर, रात्री १०:४५)

हो, ऑर्डर दिली! सकर पाथर्डीत मजेत आहे, रविवारी भेटून आलो.

----

खान्देशी_पाहुणा (१४ फेब्रुवारी, दुपारी ३:२०)

उशिरा वाचला धागा. एक शंका: सिक्लिडची टाकी म्हणून सुरुवात झाली आणि शेवटी सिक्लिड दोनच जातींचे राहिले. मग गप्पीच्या टाकीपेक्षा वेगळं काय?

----

पाथर्डी_फाटा (१४ फेब्रुवारी, सायं. ५:००)

निनादच्या घरी जाऊन आलोय म्हणून सांगतो. समोर बसलो तेव्हा एंजल खोडाच्या फांद्यांमधून पानासारखे तरंगत होते, खाली तिन्ही रॅम आपापल्या दगडावरून हद्द बघत होते, मोठ्या रॅमने शेजाऱ्याला नुसता पाठीचा पर उभारून परत पाठवलं. मारामारी नाही, नुसती बोलाचाली. सिक्लिड बघायचा तो यासाठी. दहा जाती कोंबल्या असत्या तर हे काही दिसलं नसतं, फक्त पळापळ दिसली असती.

----

नाशिकचा_निनाद (२६ ऑगस्ट, रात्री ११:५०)

काका, जागे आहात का? जोडी जुळली!

मागच्या महिन्यात फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली होती, सकाळपर्यंत गायब. उरलेले चौघं दुसऱ्याच दिवशी समीरकडे गेले, तिथे सगळे खातायत. आज संध्याकाळी पुन्हा अंडी, या वेळी अमेझॉन स्वॉर्डच्या पानावर. दोघं आळीपाळीने फिनने वारा घालतायत. रॅम आणि रमीनोज दुसऱ्या टोकाला. मी काय करू? अंडी काढून वेगळी ठेवू?

----

देवळालीकर_काका (२७ ऑगस्ट, रात्री १२:०५)

जागाच आहे. काढू नकोस, त्यांना शिकू दे. पहिल्या एक-दोन वेळा खातात, घाबरून. हॉलमधला एक मंद दिवा रात्रभर चालू ठेव म्हणजे त्यांना अंडी दिसतील आणि ब्रिस्टलनोज जवळ आला तर कळेल. काचेला नाक लावून बसू नकोस. पांढरी पडतील ती गेलेली, ती आई-बापच उचलतील. दोन दिवस, अडीच दिवस. मग पानावर नीट बघ.

----

नाशिकचा_निनाद (२९ ऑगस्ट, सकाळी ६:१०)

आईने उठवलं. पानावर शेपट्या हलतायत.